रेंजरकाकूंची गुणा

रविवारी दुपारी आम्ही जिना चढून वर गेलो की काकू दार उघडायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "गुणानं काय खाल्लं?" आमच्या पायांतल्या चपला अजून निघालेल्या नसायच्या, इम्रानच्या हातात हेल्मेट असायचं. गुणा ही काकूंची नात नव्हती, मांजर नव्हती आणि धुण्याभांड्याला येणारी मुलगीही नव्हती. गुणा तरस होती, आणि तीही कागदावरची. आमच्या खेळात काकूंनी सोबतीला घेतलेलं ते जनावर खेळाबाहेर कुठंच नव्हतं. पण काकूंच्या हिशेबानं मागच्या रविवारपासून आठवडा उलटलेला असायचा, आणि तेवढ्या दिवसांत त्या मुक्या जिवाच्या पोटात काय पडलं हे कळल्याशिवाय त्या आम्हाला पुढं खेळू देत नसत.

खेळ कसा ते आधी सांगते. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. त्यातला एक सूत्रधार. तो एक जग उभं करतो: समोर दरी आहे, दरीत राक्षस आहे, आता काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं हे फासे ठरवतात. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर त्याची ताकद, अक्कल, हत्यारं आणि अंगात उरलेला जीव, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं, कारण ते सारखं खोडावं लागतं. या खेळात कुणी जिंकत नाही. गोष्ट नुसती पुढं जात राहते, कधीकधी वर्षानुवर्षं. आमची सूत्रधार मी. मी पैठणची. वाळूजला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि एका बाईंच्या घरात मागची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. त्या खोलीत बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळं आठवडाभराचं सगळं बोलणं मी रविवारसाठी साठवून ठेवत असे.

काकू म्हणजे अमोलची आई. खेळाचं खूळ मूळचं अमोलचं. अमोल, इम्रान, प्रसाद आणि मी, कॉलेजपासूनचे आम्ही चौघं. औरंगपुऱ्यात एका भांड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. खाली दिवसभर हॉर्न, वर आम्ही आणि आमचे राक्षस. अमोलचे वडील तो शाळेत असतानाच गेलेले. काकू पोहे आणून द्यायच्या, चहा आणून द्यायच्या आणि मग स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या राहायच्या. त्यांना यातलं काही कळत नसणार असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा प्रसादचा जादूगार एका म्हातारीला लुटायला निघाला, तेव्हा मागून आवाज आला, "म्हातारीला तेवढं सोडा रे." म्हातारी अर्थातच सुटली. पोहे बंद होण्याची जोखीम कोण घेणार?

मग अमोलला कॅनडात नोकरी लागली आणि तो गेला. रविवारही त्याच्याबरोबर गेले असं आम्ही समजून चाललो. अमोलच नाही तर त्याच्या घरी कशाला जायचं? पण शनिवारी काकूंचा फोन आला. उद्या किती वाजता येताय आणि पोहे किती भिजवू, एवढंच त्यांनी विचारलं. आम्ही तिघांनी एकमेकांना फोन करून पाहिले. नाही म्हणायचं कुणी, हे काही ठरेना, म्हणून शेवटी गेलो. टेबलापाशी अवघडून बसलो. अमोलच्या खुर्चीकडं कुणी बघत नव्हतं. काकूंनी पोह्यांच्या बश्या मांडल्या, पदराला हात पुसले आणि सरळ त्या खुर्चीत येऊन बसल्या. "मला बी शिकवा," म्हणाल्या.

अमोलचा योद्धा तयार होता, चांगला मुरलेला, चिलखतासकट. मी तो कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो उचलला, त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि मला परत दिला. "ते त्याचं हाय. आला तर काय खेळंल मंग?" म्हणून काकूंसाठी नवं पात्र घडवायचं ठरलं. इम्रान सिल्लोडचा. त्याच्या वडिलांचा कापसाचा व्यापार होता, आणि मराठी, हिंदी, दख्खनी तिन्ही भाषा त्याच्या तोंडात एकमेकींना धक्के देत असायच्या. त्यानं काकूंना रेंजर व्हायला सुचवलं. काकूंचं माहेरही सिल्लोडच्या पलीकडं, डोंगरातलं. त्यांच्या लहानपणी रेंजर म्हणजे जंगलखात्याचा जीपमधून येणारा साहेब, ज्याला बघून बायका सरपणाच्या मोळ्या टाकून पळायच्या. त्या मेल्याची जागा मला देता का, म्हणून त्या हसल्या. इम्राननं समजावलं, की इथला रेंजर मोळ्या पकडत नाही. तो रानात वाट काढतो, माग काढतो, बाण मारतो, आणि त्याच्या सोबतीला कायम एक जनावर असतं. सोबतीचं ऐकल्यावर काकूंनी पुढचं काही ऐकलंच नाही.

पात्र घडवायला आम्हाला एरवी अर्धा तास पुरतो. काकूंना अख्खा रविवार लागला. बाण त्यांना नको होता, कारण मारलेला बाण आणायला पुन्हा तेवढंच चालावं लागतं. त्यांनी विळा घेतला. नियमाप्रमाणं रेंजरला एक हाडवैरी निवडावा लागतो, ज्याच्याशी लढताना त्याचं बळ वाढतं. राक्षस, मुडदे, अजगर अशी मोठी यादी असते. काकूंनी ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मला कुणाचाच राग नाय. रिकामं ठिव." रिकामं ठेवता येत नाही असं मी म्हटल्यावर त्या बराच वेळ छताकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "उंदीर लिही." त्यामुळं पुढची दोन वर्षं माझ्या प्रत्येक भुयारात, किल्ल्यात आणि राजवाड्यात मला उंदीर घालावे लागले, नाहीतर काकूंच्या बळाचा उपयोग काय होणार?

नाव विचारलं तेव्हा मात्र त्यांनी वेळ घेतला नाही. "गया," म्हणाल्या. हे त्यांचं माहेरचं नाव. लग्नात नाव बदललं आणि त्या सुलोचना झाल्या. मग वहिनी झाल्या, अमोलची आई झाल्या, काकू झाल्या. गया म्हणणारी त्यांची आई गेली, भाऊ गेला. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आम्ही मारायला लागलो. "गया, समोर दोन वाटा फुटतात, कुठली घेतेस?" असं मी म्हणायची, आणि साठीची ती बाई खुर्चीत जरा पुढं सरकून बसायची. त्या नावानं त्यांना फक्त आम्हीच बोलावत होतो आणि तेही रविवारीच, हे मला तेव्हा कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं.

राहिलं जनावर. पुस्तकात लांडगा, अस्वल, ससाणा, वाघ असे पर्याय होते. इम्रान म्हणाला, "काकू, लांडगा लेव ना. सबीच लेते." काकूंनी मान हलवली.

"लांडग्याला समदेच घेतात. तडसाला कोण घेतंय? मला तडस दे."

तिकडं तरसाला तडस म्हणतात. त्यांच्या गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा होती, तिथं संध्याकाळी ते यायचं. मागचे पाय आखूड, म्हणून चालताना लंगडल्यासारखं दिसायचं. कुणाच्या वाटेला जात नसे, तरी दिसलं की पोरं दगड मारायची आणि मोठी माणसं थुंकायची. काकूंना लहानपणी वाटायचं, ते खरंच लंगडं आहे आणि त्याचा पाय कुणीतरी बघायला हवा. घरी हे बोलून त्यांनी मारही खाल्ला होता. पुस्तकात तरसाचं काहीच नव्हतं. अस्वलाचे आकडे थोडे कमी आणि लांडग्याचे थोडे जास्त करून मी गुणा बनवली. जबडा मात्र असा दिला, की खेळातल्या कुठल्याही हाडाचा चुरा व्हावा. इम्रान आणि प्रसाद खूश झाले. एवढा जबडा आपल्या बाजूला म्हणजे लढाया सोप्या, असं त्यांना वाटलं. काकूंना अजून कुणी ओळखलेलं नव्हतं.

कारण काकूंनी गुणाला लढायला पाठवलंच नाही. एकदाही नाही. भुयार आलं की त्या गुणाला बाहेर झाडाला बांधायच्या, तिच्यापुढं पाणी ठेवायच्या आणि मग विळा घेऊन एकट्या आत शिरायच्या. रेंजरची अर्धी ताकद त्याच्या जनावरात असते, त्यामुळं गया आमच्यात सगळ्यात दुबळी ठरली आणि तिला वाचवण्यातच बाकीच्यांचा दम जायचा. एका भुयारात प्रसादचा जादूगार मेला. तो त्यानं कॉलेजपासून जपलेला. गुणा आत असती तर वाचला असता, हे सगळ्यांना दिसत होतं. प्रसाद तणतणला. काकू शांतपणे म्हणाल्या, "लेकरा, ते कागदावरचं हाय. नवं लिही." प्रसादनं विचारलं, मग गुणा कुठली आहे? त्यावर काकूंनी त्याला पोहे वाढले. दुसऱ्यांदा विचारल्यावर पुन्हा वाढले. प्रसादनं गपगुमान नवा जादूगार लिहायला घेतला.

फासे टाकायची काकूंची परात होती. आम्ही टेबलावर टाकायचो आणि ते घरंगळत सोफ्याखाली जायचे, म्हणून त्यांनी पितळी परात आणून मध्ये ठेवली. फासा पडला की ठणठण आवाज व्हायचा आणि आकडा चांगला आला की काकू परातीच्या कडेवर बोटानं टिचकी मारायच्या. नळाला पाणी यायची पाळी रविवारी आली तर मात्र खेळ जागच्या जागी थांबायचा. आठवड्यानं येणारं पाणी, ते कुठल्या राक्षसासाठी वाया घालवायचं? आम्ही तिघं रांगेनं ड्रम, हंडे, बादल्या भरायचो आणि राक्षस गदा उगारून तसाच तासभर उभा राहायचा. पाणी गेलं की काकू हात पुसत यायच्या आणि विचारायच्या, "कुठं होतो आपण?"

पण माझी आणि काकूंची खरी जुंपली ती वेळेवरून. एका दिवाळीत सगळे आपापल्या घरी गेलो आणि दोन रविवार बुडले. तिसऱ्या रविवारी आलो तर काकूंचा चेहरा उतरलेला. गुणा मागच्या वेळी एका पडक्या देवळाबाहेर बांधलेली राहिली होती. काकूंनी त्या दिवसांत रोज संध्याकाळी एकट्यानं परातीत फासा टाकला होता, तिला काही खायला मिळालं का ते बघायला. मोठा आकडा आला तर मिळालं, छोटा आला तर उपास. "बुधवारी घावलं नाय काही. गुरुवारी बी नाय," त्यांनी मला सांगितलं. मी सूत्रधाराच्या अधिकारानं नियम समजावला, की आपण खेळत नसतो तेव्हा खेळातला वेळ थांबतो. गया आणि गुणा आपण ठेवलं तिथं, त्याच क्षणी थांबून असतात. त्यांना भूक लागत नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचा थांबत असंल, पोरी. हितं बसलेल्याचा नाय थांबत."

इम्रान उठून उगाच पाणी प्यायला. त्या दिवसापासून मी तो नियम बासनात गुंडाळून ठेवला. खेळाची सुरुवात गुणाच्या आठवड्यानं होऊ लागली. मंगळवारी गुणाला पाणी मिळालं नाही. गुरुवारी तिचा मागचा पाय धरला होता, ती दिवसभर उठलीच नाही. शनिवारी वाटेनं खूप माणसं गेली, पण थांबलं कुणी नाही. दारातल्या प्रश्नाचं उत्तर असं काकूच सांगायच्या आणि मी मान डोलवायची. मंगळवारी नळ आला नव्हता आणि काकूंचा गुडघा गुरुवारी दुखत होता, हे समजायला मला सूत्रधार असण्याची गरज नव्हती. स्वतःबद्दल त्या असं कधी सांगत नसत. विचारलं तर "मला काय धाड भरलीय" म्हणायच्या आणि विषय संपवायच्या.

अमोल रविवारी सकाळी फोन करायचा, तोंड दाखवून. आई, तू इकडं ये, एकटी काय करतेस, हे त्याचं नेहमीचं. तो मनापासून म्हणायचा, त्यात खोट नव्हती. काकूंचं उत्तरही ठरलेलं असायचं, की मी एकटी कुठं आहे, माझा रविवार असतो. अमोलला ते विनोदी वाटायचं. आई आमचा खेळ खेळते हे तो तिकडं मित्रांना कौतुकानं सांगायचा. पण काकू विनोद करत नव्हत्या. त्यांना त्या घरात, त्या गल्लीत राहायचं होतं आणि राहण्यासाठी सांगता येईल असं एकच कारण त्यांच्याजवळ होतं. रविवार होता तोवर त्यांना तिथून कुणी हलवू शकत नव्हतं.

आणि रविवार विरत चालला होता. प्रसादचं लग्न ठरलं, तो पुण्याला गेला. लग्नात काकूंनी त्याच्या बायकोला सांगितलं, की याला राग लवकर येतो, वाढत जा. इम्रानच्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि धंदा त्याच्या अंगावर पडला. तो सिल्लोडला गेला. सुरुवातीला एसटीनं यायचा, कधी मोटारसायकलवर, चेहऱ्याभर धूळ घेऊन. कापसाचा हंगाम सुरू झाला आणि त्याला रविवार उरला नाही. शेवटचा आला तेव्हा जाताना दारात उभा राहून म्हणाला, "काकू, मेरे चोराकू मारू नको. मै वापस आताच." काकूंनी खेळातल्या त्याच्या चोराला एका गावात लोहाराकडं कामाला लावून दिलं, म्हणजे इम्रान येईपर्यंत त्याच्या पोटाची सोय व्हावी.

मग आम्ही दोघीच उरलो. हा खेळ दोघींनी खेळायचा नसतो. एकीनं सांगायचं आणि एकीनं ऐकायचं, एवढंच त्यात उरतं. तरी वर्षभर आम्ही खेळलो. टेबल मोठं वाटायला लागलं, म्हणून काकूंनी ते भिंतीला लावून घेतलं. लढाया मी कमी करत नेल्या. गया आणि गुणा नुसत्या चालायच्या. एखादं गाव लागायचं, एखादा ओढा लागायचा, गया कुणाची तरी जखम बांधून द्यायची. भुयारच नसल्यामुळं गुणाला बाहेर बांधायचीही वेळ येत नसे. खिडकीतून खालचे हॉर्न ऐकू यायचे, दुपार उतरायची, चहा व्हायचा. माझ्या वयाच्या मुली रविवारी कुठं कुठं जात होत्या. मला कुठंच जायचं नव्हतं. मीही एकटीच होते, हे मला आता लपवायचं नाही.

कंपनीनं मला गोव्याच्या कारखान्यात जायला सांगितलं. पगार वाढणार होता, नाही म्हणायला जागा नव्हती. मला कळलं त्याच आठवड्यातल्या रविवारी मी काकूंना सांगून टाकलं, चपला काढतानाच. त्यांनी "कधी?" एवढं विचारलं. मग दूध बघायला आत गेल्या आणि जरा वेळानं बाहेर आल्या. "अमोलला व्हय म्हणून सांगते आज," म्हणाल्या. मी घाईघाईनं म्हटलं, की आपण फोनवर खेळू, हल्ली सगळे तसंच खेळतात. काकूंनी डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं. इथली दुपार म्हणजे तिकडची भर रात्र, एवढं त्यांना अमोलच्या फोनवरून पक्कं माहीत होतं. वर त्या म्हणाल्या, की तुझ्या वयात दर रविवारी म्हातारीशी बोलत बसायचं नसतं. दोन महिन्यांत घराला गिऱ्हाईक मिळालं.

आज काकू अमोलकडं आहेत. घर उबदार आहे, नातू झाला आहे, सून चांगली आहे. आम्ही बोलतो तेव्हा त्या बर्फ किती पडला ते सांगतात, इम्रानच्या मुलीची चौकशी करतात, मला लग्नाचं विचारतात. मी इथं पणजीत नवी मंडळी जमवली आहेत आणि आमचा खेळ चालतो. कुणी रेंजर घडवायला बसलं, की मी त्याला जनावराचे आकडे सांगायच्या आधी जनावराशी जरा बोलू देते. गुणाचा विषय मात्र काकू काढत नाहीत आणि मीही काढत नाही. आमचा शेवटचा रविवारच तसा गेला.

त्या रविवारी मी माझ्या परीनं चांगला शेवट बेतून नेला होता. गया डोंगर ओलांडते, पलीकडं मोठं रान लागतं, त्या रानात तरसांचं बिऱ्हाड आहे. गुणा त्यांच्यात जाते, एकदा मागं वळून बघते, आणि गया तिला मोकळं सोडते. मला तो शेवट फार आवडला होता. खोलीत एकटीनं मोठ्यानं बोलूनही पाहिला होता. घरात सामान बांधून झालेलं होतं, भिंतीवरचा आरसा उतरवलेला होता. काकूंनी परात तेवढी बाहेर ठेवली होती. मी सांगायला सुरुवात केली आणि रानापर्यंत आले, तेव्हा त्यांनी मला हातानं थांबवलं.

"सोडून दिलेलं जनावर माघारी येतं, पोरी. दार बंद दिसलं की तिथंच बसतं."

मी म्हटलं, इथं दारच नाही काकू, रान आहे.

"असतं," त्या म्हणाल्या. "आपण उठून गेलो की ती बसंल तशीच. मी तिकडं, तू तिकडं. तिला कोण बघणार हाय? म्हातारी होऊ दे तिला आन् जाऊ दे. माझ्या मांडीवर. मागं वाट बघायला ठिवू नको कुणाला."

मी फाशाकडं हात नेला, तर फासा नको म्हणाल्या. हे मी यापूर्वी कधी केलं नव्हतं. खेळात शेकडो जीव मारले होते, पण ते लढाईत. कुणी मागितलं म्हणून, सावकाश, कधीच नाही. मी सांगायला लागले. बरीच वर्षं गेली. गुणाच्या तोंडावरचे केस पांढरे झाले. एका दुपारी ती एका मोठ्या खडकाच्या सावलीत आडवी झाली आणि उठेना. गया तिच्याजवळ बसली.

"पाणी पाज आधी," काकू म्हणाल्या.

गयानं ओंजळीतून पाणी पाजलं. गुणानं थोडं घेतलं आणि मान गयाच्या मांडीवर ठेवली. इथपर्यंत सांगून मी थांबले. काकूंनी घाई केली नाही. मग म्हणाल्या, "सांग." मी उरलेलं सांगितलं. काकूंनी विचारलं, पुरलं कुठं? मी म्हटलं, त्याच खडकाखाली. खोल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खोल.

त्या उठल्या, मोरीत जाऊन हातपाय धुऊन आल्या आणि पुन्हा बसल्या. आत ओट्यावर पोहे भिजवलेले होते, कांदा चिरलेला होता. त्या तिकडं वळल्याच नाहीत. "आज चूल पेटत नसती," म्हणाल्या. घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून आणतात. काकूंना शेजारी कोण होतं? खाली भांड्यांचं दुकान आणि समोर कुलूप लावलेलं एक ऑफिस. मग माझ्या लक्षात आलं, की त्या कुणीतरी आणण्याची वाट बघत आहेत आणि ते कुणीतरी म्हणजे मी आहे. मी खाली उतरले, औरंगपुऱ्याच्या गर्दीतून चालत गेले आणि एका खानावळीतून पिठलं, भाकरी, ठेचा बांधून आणला. पॅक केलेल्या खोक्यांतून दोन ताटं शोधून काढली. त्या घरात इतकी वर्षं खाल्लं, पण वाढायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. काकू बसून राहिल्या आणि त्यांनी मला वाढू दिलं.

पहिला घास घेतला आणि मग त्या रडल्या. अमोल गेला तेव्हा रडल्या नव्हत्या, घराचा सौदा झाला तेव्हाही नाही. आता त्या मोकळेपणानं, आवाज करून रडल्या आणि रडता रडता भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या. मी त्यांना गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या ताटाकडं बघून म्हणाल्या, "जेव तू. आता मागं कुणी राहिलं नाय हितं. निवांत जा."

मला निवांत जाता येणार नव्हतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. मी त्यांच्या ताटात आणखी थोडं पिठलं वाढलं. नको म्हणाल्या नाहीत. त्यांचं जेवण होईपर्यंत मी तिथंच बसून राहिले.